पायांचा मालक कोण?

१९५३ च्या सप्टेंबर महिन्यात स्पेनच्या फुटबॉल जगतात एक चमत्कारिक निवाडा झाला. सत्तावीस वर्षांच्या एका अर्जेंटिनी आघाडीवीराने पहिला आणि तिसरा मोसम रेआल माद्रिदकडून खेळावा, दुसरा आणि चौथा बार्सिलोनाकडून, असे लवादाने ठरवून दिले. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या दोन भावांनी लावून घ्याव्यात, तशा एका माणसाच्या पायांच्या पाळ्या दोन संस्थांत लावल्या गेल्या. त्या माणसाचे नाव आल्फ्रेदो दि स्तेफानो. पुढे ज्याची गणना या खेळाच्या इतिहासातील चार-दोन सर्वश्रेष्ठांत झाली, त्याच्या आयुष्यातील हा प्रसंग गमतीची आठवण म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो गमतीचा नाही. श्रम करणारा आणि त्या श्रमाचा धनी यांच्यातील नात्याचा प्रश्न इतक्या उघड स्वरूपात फार क्वचित समोर येतो.

आपल्यापैकी कोणी शिक्षक असेल, कोणी कारकून असेल. नोकरी कितीही गरजेची असली, तरी मुदतीची सूचना देऊन ती सोडण्याचा आणि अन्यत्र धरण्याचा अधिकार आपण गृहीतच धरतो. करार संपल्यानंतरही जुन्या संस्थेने 'आम्हांला मोबदला मिळाल्याखेरीज तुम्हांला दुसरीकडे शिकवता येणार नाही' असे म्हटले, तर आपण तिला काय म्हणू? व्यावसायिक फुटबॉलपटूची स्थिती विसाव्या शतकाचा बहुतेक काळ नेमकी अशी होती. दि स्तेफानोची कारकीर्द म्हणजे त्या स्थितीचा एका व्यक्तीच्या चरित्रातून दिसणारा इतिहास होय.

त्याचा जन्म ४ जुलै १९२६ रोजी ब्यूनॉस आयर्सच्या बाराकास या गोदीलगतच्या कष्टकरी वस्तीत झाला. आजोबा इटलीतून आलेले. वडील स्वतः रिव्हर प्लेट या क्लबकडून खेळलेले. त्याच क्लबच्या पहिल्या संघात मुलगा १९४५ साली उतरला. परंतु त्या वेळी रिव्हर प्लेटची आघाडीची फळी 'यंत्र' या नावाने ओळखली जात होती आणि तिच्या मध्यभागी आदोल्फो पेदेर्नेरा नावाचा विलक्षण बुद्धिमान खेळाडू होता. नवख्याला जागा नव्हती. म्हणून १९४६ साली क्लबने त्याला उराकान या दुसऱ्या क्लबला एका मोसमापुरता उसना दिला. 'उसना दिला' हा शब्दप्रयोग आपण सहज वापरतो. पण उसनी वस्तू दिली जाते, माणूस नव्हे, याचा विचार करीत नाही.

परत आल्यावर १९४७ साली त्याने २७ गोल करून रिव्हर प्लेटला विजेतेपद मिळवून दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस इक्वेडोरमध्ये झालेल्या दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धेत अर्जेंटिनाकडून सहा सामन्यांत सहा गोल केले. सोनेरी केस आणि बाणासारखी धाव यांमुळे 'सोनेरी बाण' हे नाव त्याला कायमचे चिकटले. या वेळी तो एकवीस वर्षांचा होता आणि अर्जेंटिनाचे फुटबॉल जगात कोणाच्याही तोडीचे होते. तरीही त्याने अर्जेंटिनाकडून खेळलेले सामने त्या सहांवरच थांबले. त्याचे कारण मैदानात नव्हते. कराराच्या कागदात होते.

संप आणि सुवर्णभूमी

अर्जेंटिनात फुटबॉल उघडपणे व्यावसायिक झाले ते १९३१ साली, आणि तेही खेळाडूंच्या संपानंतर. खेळाडूंनी मागितले होते क्लब बदलण्याचे स्वातंत्र्य. मिळाला तो अधिकृत पगार. स्वातंत्र्याचा प्रश्न तसाच राहिला. खेळाडूचा 'पास' क्लबच्या मालकीचा असे. करार संपला तरी पास सुटत नसे आणि पासाखेरीज दुसरा क्लब त्याला घेऊ शकत नसे. १९४४ साली खेळाडूंनी आपली संघटना स्थापन केली. संघटनेला मान्यता, किमान वेतन आणि करारमुक्तीचा हक्क या मागण्यांसाठी १९४८ च्या अखेरीस संप पुकारण्यात आला. क्लबांनी उरलेल्या फेऱ्या हौशी आणि नवोदित पोरे उतरवून उरकल्या. प्रेक्षकांनी पाठ फिरवली, तरी संचालक नमले नाहीत.

याच सुमारास उत्तरेकडे कोलंबियात निराळेच नाट्य घडत होते. ९ एप्रिल १९४८ रोजी होर्हे गाइतान या लोकप्रिय नेत्याची हत्या झाली आणि बोगोटा शहर दंगलीत होरपळून निघाले. त्यानंतर चारच महिन्यांनी तेथे व्यावसायिक लीग सुरू झाली. या लीगचे देशातील मान्यताप्राप्त फुटबॉल संघटनेशी बिनसले आणि ती 'फिफा'च्या छत्राबाहेर पडली. वरवर पाहता ही शिक्षा. परंतु संचालकांच्या लक्षात आले की, फिफाचे नियम आपल्याला लागू नाहीत म्हणजे दुसऱ्या क्लबचा पास मानण्याचे बंधनही आपल्यावर नाही. पासासाठी जो पैसा जुन्या मालकाला द्यावा लागला असता, तो थेट खेळाडूच्या हाती देता येणार होता. बोगोटाच्या मिलोनारियोस क्लबने १९४९ साली प्रथम पेदेर्नेराला आणले. पाठोपाठ दि स्तेफानो आणि नेस्तोर रोस्सी आले. संपात होरपळलेल्या अर्जेंटिनी खेळाडूंची रीघच लागली. दक्षिण अमेरिका जिंकायला निघालेल्या स्पॅनिश शिलेदारांना ज्या काल्पनिक सुवर्णनगरीने भुरळ घातली होती, तिचेच 'एल दोरादो' हे नाव त्या लीगला मिळाले.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला ही चार-पाच वर्षे प्रयोगशाळेसारखी वाटावीत. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली विक्रेत्याच्या मक्तेदारीप्रमाणेच ग्राहकाच्याही मक्तेदारीचे विश्लेषण केले होते. श्रमाचा ग्राहक एकच असेल, तर कामगाराला त्याच्या श्रमाच्या खऱ्या मोलापेक्षा कमी मिळते. फुटबॉलमध्ये क्लब शेकड्यांनी होते; पण 'तुझा खेळाडू मी घेणार नाही, माझा तू घ्यायचा नाही' या परस्पर वचनामुळे प्रत्येक खेळाडूपुरता ग्राहक एकच उरत होता. कोलंबिया या वचनाबाहेर पडताच हे खरे मोल किती, ते एकदम उघड झाले. इंग्लंडमध्ये त्या काळी कमाल वेतनाचा नियम होता आणि मोसमातील कमाल मर्यादा आठवड्याला १२ पौंड होती. इंग्लंडचा मध्यरक्षक नील फ्रँकलिन १९५० साली, विश्वचषक तोंडावर असताना, स्टोक सोडून बोगोटाला गेला तो याच कारणाने. त्याला ते परके जग मानवले नाही. थोड्याच दिवसांत तो परतला, तर मायदेशी निलंबन वाट पाहत होते. नियम मोडणाऱ्याला शिक्षा झाली. तो नियम न्याय्य होता का, हे मात्र त्या वेळी कोणी विचारले नाही.

मिलोनारियोसने १९४९, १९५१, १९५२ आणि १९५३ अशी चार विजेतेपदे मिळवली. दि स्तेफानो दोनदा सर्वाधिक गोल करणारा ठरला. मार्च १९५२ मध्ये रेआल माद्रिदच्या सुवर्णमहोत्सवी सामन्यांसाठी हा संघ स्पेनमध्ये गेला आणि यजमानांना त्यांच्याच मैदानावर ४-२ असे हरवून आला. त्यांत दोन गोल दि स्तेफानोचे होते. माद्रिदचे अध्यक्ष सांतियागो बेर्नाबेऊ यांनी त्याला तेथेच हेरले.

दोन विक्रेते, एक माल

दरम्यान सुवर्णनगरीची मुदत ठरून गेली होती. १९५१ साली लिमा येथे झालेल्या समझोत्यानुसार कोलंबियाला फिफात परत घेण्यात आले. परदेशी खेळाडूंनी १९५४ पर्यंत तेथे खेळावे आणि मग आपापल्या मूळ क्लबांकडे परतावे, असे ठरले. याचा अर्थ असा झाला की, १९५४ पर्यंत दि स्तेफानो मिलोनारियोसचा आणि त्यानंतर रिव्हर प्लेटचा. बार्सिलोनाने रिव्हर प्लेटशी सौदा केला, माद्रिदने मिलोनारियोसशी. दोघांच्याही हाती कागद होते आणि दोन्ही कागद आपापल्या परीने खरे होते. खेळाडू मात्र कुटुंबासह बार्सिलोनात येऊन महिनोन्महिने वाट पाहत बसला होता. त्यातच १९५३ च्या ऑगस्टमध्ये स्पेनमध्ये परदेशी खेळाडू घेण्यावर बंदी आली. अखेर आर्मांदो मुन्योस कालेरो या लवादाने चार मोसम वाटून देण्याचा तो तोडगा काढला. बार्सिलोनाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. क्लबने आपला अर्धा हिस्सा माद्रिदकडून पैसे घेऊन सोडून दिला.

या प्रकरणात फ्रँकोच्या हुकूमशाहीचा हात होता, असे बार्सिलोनाचे पाठीराखे मानत आले. माद्रिदवाले ते नाकारत आले. हा वाद स्पेनमध्ये मिटलेला नाही आणि येथून तो मिटवण्याचा आव आणण्याचे कारण नाही. परंतु या सात दशकांच्या भांडणात दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्यच आहे असे दिसते. तो 'कोणाचा' होता, एवढाच त्यांचा वाद आहे. तो स्वतःचा होता, असे कोणीच म्हणत नाही!

त्यानंतर जे घडले ते सर्वश्रुत आहे. रेआल माद्रिदने त्याआधीची लीग जिंकली होती ती १९३३ साली. दि स्तेफानो आला आणि पहिल्याच मोसमात, १९५४ मध्ये, ती परत आली. त्याच्या अकरा वर्षांत माद्रिदने आठ वेळा स्पेनचे विजेतेपद मिळवले. युरोपीय चषकाची स्पर्धा १९५५ साली सुरू झाली आणि १९५६ पासून १९६० पर्यंतचे पहिले पाचही चषक माद्रिदने नेले. या पाचही अंतिम सामन्यांत दि स्तेफानोने गोल केला. ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर १९६० च्या मे महिन्यात सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर आइनट्राख्ट फ्रँकफुर्टचा ७-३ असा पराभव झाला, तेव्हा सातांपैकी तीन गोल त्याचे होते आणि चार फेरेन्क पुश्काशचे. हा पुश्काशही १९५६ च्या उठावानंतर हंगेरीत न परतलेला आणि त्यापायी बंदी भोगलेला. म्हणजे जगाने ज्या संघाला डोक्यावर घेतले, त्याचे दोन प्रमुख आधारस्तंभ नियमांच्या दृष्टीने कधीकाळचे गुन्हेगारच होते.

त्याच्या खेळाचे वैशिष्ट्य काय होते? ॲडम स्मिथने टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन श्रमविभागणीचे महत्त्व सांगितले, आणि त्या काळचे फुटबॉल त्याच तत्त्वावर चाले. बचाव करणाऱ्याने बचाव करावा, आघाडीवीराने पुढे उभे राहून चेंडूची वाट पाहावी. दि स्तेफानो वाट पाहत नसे. तो आपल्या गोलापाशी येऊन प्रतिस्पर्ध्याच्या पायांतून चेंडू काढून घेई, मध्यभागी येऊन सहकाऱ्याला देई आणि चढाईच्या शेवटी गोल करायलाही स्वतः हजर असे. पाठीवर आघाडीवीराचा ९ क्रमांक. पण काम सगळ्या मैदानाचे. यामागे दम होताच. पण त्याहून अधिक, संपूर्ण खेळ एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवणारी बुद्धी होती. पेले अधिक चपळ असेल, मॅराडोनाचे चेंडूवरील प्रभुत्व अधिक थक्क करणारे असेल. परंतु अकरा जणांचा संघ एका माणसाच्या श्रमाने उभा राहतो कसा, हे दाखवण्यात त्याला जोड नव्हती. १९५७ आणि १९५९ या दोन वर्षी तो युरोपचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

आणि तरीही विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत तो एकही मिनिट खेळला नाही. अर्जेंटिनाने १९५० आणि १९५४ च्या स्पर्धांत भागच घेतला नाही. स्पेनचे नागरिकत्व घेऊन तो १९५७ पासून त्या देशाकडून ३१ सामने खेळला, २३ गोल केले; पण १९५८ च्या स्पर्धेस स्पेन पात्र ठरला नाही. १९६२ साली तो चिलीला गेला, तो दुखापत घेऊनच. १९६३ च्या ऑगस्टमध्ये काराकास येथे व्हेनेझुएलातील बंडखोरांनी त्याचे अपहरण केले आणि दोन-तीन दिवसांनी सुखरूप सोडले. त्यांना हवी होती फक्त जगाच्या वृत्तपत्रांतील जागा. क्लबांना त्याचे पाय हवे होते, राजवटीला त्याची प्रतिष्ठा, बंडखोरांना त्याचे नाव. १९६४ साली व्हिएन्ना येथील अंतिम सामना माद्रिदने गमावला. मग क्लबने त्याला खेळ सोडून दुसरे पद देऊ केले. त्याने ते नाकारले, बार्सिलोना शहरातील एस्पान्योल या दुय्यम क्लबकडे जाऊन आणखी दोन वर्षे खेळला आणि चाळिशीला टेकल्यावर थांबला. ही निवड तरी त्याची स्वतःची होती.

क्लबांची बाजू

येथवर वाचून क्लबांना खलनायक ठरवणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. त्यांचा युक्तिवाद असा : आम्ही पोराला बाराव्या-पंधराव्या वर्षी हाती धरतो, खाऊपिऊ घालतो, शिकवतो. शंभरांत एखादा मोठा होतो. तोही फुकट निघून जाणार असेल, तर उरलेल्या नव्याण्णवांवरचा खर्च कोणी सोसायचा? शिवाय श्रीमंत क्लब सगळे गुणवंत खेळाडू गोळा करतील आणि स्पर्धेत अर्थ उरणार नाही. या दोन्ही शंका खोट्या नाहीत.

दुसऱ्या शंकेचे उत्तर सायमन रॉटेनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली अमेरिकेतील बेसबॉलच्या संदर्भात दिले. खेळाडूवर मालकी क्लबची असो की त्याची स्वतःची, तो शेवटी जेथे त्याचे मोल सर्वाधिक तेथेच पोहोचतो, असे त्याचे म्हणणे. फरक पडतो तो एवढाच की, त्या मोलाचा पैसा कोणाच्या खिशात जातो. दि स्तेफानोचे उदाहरण या विधानाला साजेसे आहे. पास होता, लवाद होता, बंदी होती. तरी तो ज्याची ऐपत मोठी त्या माद्रिदलाच पोहोचला. म्हणजे बेड्यांनी गरीब क्लबांचे रक्षण केले नाहीच; फक्त खेळाडूच्या श्रमाचा मोबदला दुसऱ्याच्या हिशेबात जमा झाला.

पहिल्या शंकेला मात्र उत्तर देणे भाग होते, आणि ते यायला फार वर्षे गेली. इंग्लंडमधील कमाल वेतन १९६१ साली गेले. करार संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवणे ही व्यवसायावरील अवाजवी बंधने होत, असा निर्णय तेथील न्यायालयाने १९६३ साली ईस्टहॅम खटल्यात दिला. १५ डिसेंबर १९९५ रोजी जाँ-मार्क बोस्मान या बेल्जियमच्या सामान्य खेळाडूच्या फिर्यादीवर युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघातील दुसऱ्या देशात जाताना मोबदला मागता येणार नाही. ब्राझीलमध्ये १९९८ साली आलेला कायदा तर पेलेच्याच नावाने ओळखला जातो. मग २००१ साली फिफाने नियम बदलताना एक विवेकी तत्त्व स्वीकारले. खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षणाचा मोबदला मिळावा आणि पुढे करार चालू असताना तो विकला गेल्यास किमतीचा पाच टक्क्यांपर्यंतचा भाग, बारा ते तेवीस या वयात त्याला वाढवणाऱ्या क्लबांत वाटला जावा. शिकवणाऱ्याच्या खर्चाची भरपाई करायची असेल, तर शिकणाऱ्याला बांधून ठेवण्याची गरज नसते, हे यातून सिद्ध होते. हे १९४८ साली का सुचू नये? कारण तेव्हा प्रश्न खर्चाचा नव्हताच, अधिकाराचा होता.

अर्थात स्वातंत्र्याने सर्व काही साधते असे मानणेही भाबडेपणाचे होईल. २०२२ साली विश्वचषक जिंकणाऱ्या अर्जेंटिनाच्या २६ जणांच्या चमूत मायदेशातील क्लबकडून खेळणारा एकच होता, राखीव गोलरक्षक फ्रँको आर्मानी. ब्यूनॉस आयर्सच्या प्रेक्षकाला आपल्या गुणी मुलांचा खेळ दूरचित्रवाणीवर पाहावा लागतो. जेथे पैसा तेथे गुण हा नियम आहेच, आणि तो डॉक्टरांना, संशोधकांना, अभियंत्यांनाही लागू आहे. परंतु त्यावरचा उपाय घर संपन्न करणे हा आहे, दाराला बाहेरून कडी घालणे हा नव्हे. शिवाय १९४८ चा संप ज्यांनी केला, त्यांतील अनेकांना बोगोटाचे तिकीट मिळाले नाही. दि स्तेफानो जाऊ शकला, कारण तो दि स्तेफानो होता. सामान्य गुणांचा खेळाडू, ज्याला कोणी सुवर्णनगरी बोलावत नाही, तो मात्र मागेच राहिला. त्याच्यासाठी नियम बदलावे लागतात. आणि ते अखेर बदलले ते बोस्मानसारख्या, कोणत्याही चषकावर नाव नसलेल्या माणसामुळे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दि स्तेफानो पुढे यशस्वी प्रशिक्षक झाला. ब्यूनॉस आयर्समध्ये बोका ज्युनियर्स आणि रिव्हर प्लेट या हाडवैऱ्यांना, आणि स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला त्याने विजेतेपदे मिळवून दिली. २००० साली रेआल माद्रिदने त्याला सन्माननीय अध्यक्ष केले. ७ जुलै २०१४ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, तो माद्रिदमध्ये वारला. त्याने आपल्या घरी चेंडूचे एक छोटे स्मारक उभारले होते आणि त्यावर 'म्हातारे, तुझे आभार' अशा अर्थाचे स्पॅनिश शब्द कोरले होते. आभार मानावेत असे त्याला कोण वाटले, हे त्यावरून कळते. ज्यांनी त्याचे पास बाळगले, त्यांची नावे तेथे नाहीत.

कुशल माणूस हा संस्थेचा ठेवा असतो, असे आपण गौरवाने म्हणतो. ठेवा म्हणजे जपण्याची गोष्ट. पण ठेव म्हणजे कोणाच्या तरी खात्यावर असलेली रक्कम. या दोन शब्दांतील अंतर जेथे पुसले जाते, तेथे गौरव आणि गुलामगिरी यांतील अंतरही फार उरत नाही.